रेघ आखण्याआधी

दामाजीपंतांची कथा मराठी घरांत अजून सांगितली जाते. मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली. बादशहाचा कोप ओढवला, तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपात धान्याची किंमत घेऊन बेदरच्या दरबारात हजर झाला. कथेतले बेदर म्हणजे आजचे बिदर. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर घासायची नसते, पण तिने गृहीत धरलेला भूगोल खरा आहे. मंगळवेढा, कल्याण (आजचे बसवकल्याण), गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), बिदर, उदगीर ही एकाच मुलखातली गावे होती आणि त्यांच्यामधल्या वाटा माणसांच्या पायाखालच्या होत्या. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. सीमा नवी होती, वाटा जुन्याच राहिल्या. आता त्या वाटांवर पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे रस्ते आणि रूळ आखले जात आहेत. ही आखणी करताना जुन्या वारशाचा विचार नेमका कोणत्या टप्प्यावर करायचा, याचे उत्तर आपण आजवर फार उशिरा देत आलो आहोत.

या भागात दळणवळणाची कामे थोडीथोडकी झालेली नाहीत. बिदर–कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग १९९७-९८ च्या सुमारास मंजूर झाला आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि बिदरची नागरी विमानसेवा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. पुणे–सोलापूर–हुमनाबाद–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. नांदेड, उदगीर, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, विजयपूर असा जाणारा ५० क्रमांकाचा महामार्ग तर दख्खनच्या जुन्या किल्ल्यांचीच माळ ओवतो. सुरत–चेन्नई द्रुतगती मार्गाची आखणीही कलबुर्गी जिल्ह्यातून आहे. त्याच मुलखात बहमनींच्या दोन राजधान्या आहेत: गुलबर्ग्याचा किल्ला आणि त्यातली १३६७ ची, अंगणासह पूर्ण छताखाली असलेली जामा मशीद, बिदरचा किल्ला आणि महमूद गवानाने १४७२ मध्ये उभारलेला मदरसा. दख्खनी सल्तनतींच्या वास्तूंमध्ये ही दोन्ही शहरे २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्याच वर्षीच्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ या जागतिक यादीतही बिदरच्या ऐतिहासिक शहराचे नाव होते. म्हणजे एका हाताने आपण जगाकडे मान्यता मागतो आहोत आणि दुसऱ्या हाताने त्याच जमिनीवर रेघा ओढतो आहोत. हे दोन हात एकमेकांना ठाऊक असावेत, एवढीच अपेक्षा आहे.

अडचण मुळात अशी की कायदा वारशाकडे ठिपके म्हणून पाहतो. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा, अशी ती तरतूद आहे. एखाद्या घुमटासाठी हे कुंपण कामाचे आहे. त्याच्याशिवाय कितीतरी वास्तू आज दिसल्या नसत्या. पण बिदरचा वारसा नुसत्या घुमटांचा नाही. शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते आणि खालच्या घट्ट थरावर अडते. नेमक्या या सांध्यावर जुन्या कारागिरांनी भुयारे खोदली. इराणकडून आलेल्या या पद्धतीला करेझ म्हणतात. बिदरचे लोक तिला सुरंग बावी म्हणतात. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ठाऊक असलेल्यांना तिचे नाते सहज ओळखू येईल. नौबादचे भुयार सुमारे दोन किलोमीटर जाते. अगदी बेताच्या उताराने पाणी आपसूक वाहते, ना मोट ना पंप. वर शेतात आणि वस्तीत ठरावीक अंतरावर हवेसाठी व गाळ काढण्यासाठी खोदलेली तोंडे दिसतात. परक्या माणसाला ती पडक्या विहिरी वाटतात, आणि पडकी विहीर बुजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

रस्त्याच्या अभियंत्याच्या नकाशावर हे भुयार नसेल, तर तो दोष त्याचा नाही. पण परिणाम सरळ आहेत. एका तोंडात मुरूम पडला की गाळ अडतो आणि खालचे पाणी कोंडते. झिरपण्याच्या पट्ट्यावर डांबर आणि काँक्रीट अंथरले, बाजूच्या गटारातून पावसाचे पाणी पठाराबाहेर नेले, की भुयार शाबूत राहूनही कोरडे पडते. त्याच्या तोंडाभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढून हे टळत नाही, कारण पाणी येते ते वर्तुळाच्या कितीतरी बाहेरून. उदगीर रस्त्याला लागून असलेल्या बरीदशाही कबरींची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. अली बरीदची कबर चारही बाजूंनी उघड्या कमानींची आहे. भिंती मुद्दामच ठेवलेल्या नाहीत. आत रंगीत फरशांचे पट्टे आणि बाहेर बाग, असा तिचा विचार होता. अशा वास्तूजवळून जड वाहने जाऊ लागली, की धूळ आणि आवाज अडवायला मध्ये काहीच नसते. वास्तू तशीच उभी राहते, तिचा उघडेपणा मात्र निरर्थक होतो.

ठिपक्यांच्या हिशेबाचा दुसरा दोष वेळेचा आहे. परवानगीचा प्रश्न येतो तोवर बहुतेक वेळा मार्ग ठरलेला असतो, भूसंपादनाच्या नोटिसा निघालेल्या असतात, पैसा मंजूर असतो. मग स्मारक म्हणजे आडवे आलेले मांजर. पुण्यात वनाज–रामवाडी मेट्रो मार्गिका आगाखान पॅलेसपाशी अडली आणि कल्याणीनगरच्या बाजूने वळवावी लागली. पॅलेस कुठे आहे, हे पहिल्या दिवसापासून सगळ्या शहराला ठाऊक होते. ते नकाशावर आधी मोजले असते तर वळणही आधीच ठरले असते. कर्नाटकाचा अनुभव याहून कडू आहे. हंपीजवळ तुंगभद्रेवर आनेगुंदीच्या बाजूला पूल बांधायला घेतला गेला. त्याच कारणाने १९९९ मध्ये हंपीचे नाव युनेस्कोच्या ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेले आणि २००६ पर्यंत तिथेच राहिले. काम रखडले, पुन्हा सुरू झाले आणि जानेवारी २००९ मध्ये तो अर्धवट पूल कोसळून मजुरांचे जीव गेले. पलीकडच्या गावांना पुलाची गरज होती, ही गोष्ट खोटी नव्हती. पण पूल नेमका कुठे हवा, हा प्रश्न खांब उभे राहिल्यावर विचारला गेला.

म्हणून वारशाचा विचार प्रादेशिक वाहतूक आराखड्यातच व्हायला हवा. पंचवीस वर्षांनी कुठून कुठे किती माणसे आणि किती माल जाईल, याचा अंदाज मांडला जातो तेव्हा रेघ पेन्सिलीची असते, सरकवायला खर्च नसतो. अमेरिकेत शहरांच्या जुन्या पेठा फोडत महामार्ग गेले, त्यावर लोक उठले आणि १९६६ मध्ये तिथे एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने केंद्रीय पैशाच्या प्रत्येक कामात ऐतिहासिक स्थळांवरचा परिणाम आधी तपासणे भाग पाडले. दुसऱ्याने वाहतूक खात्याला बजावले, की दुसरा व्यवहार्य मार्ग असेल तर ऐतिहासिक जागा घेता येणार नाही. आपल्याकडे यासाठी साधन नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘पीएम गतिशक्ती’ ही योजनाच मुळी अनेक खात्यांचे नकाशे एकावर एक ठेवण्याची आहे. त्यात करेझची भुयारे, जुन्या वाटा, तळी, वेशी आणि उरुस-जत्रांचे मार्ग यांचा एक थर घालणे, आणि तो थर पाहिल्याशिवाय कोणताही मार्ग पक्का न करणे, एवढे झाले तरी निम्मे काम होईल. वाहतुकीचा आराखडा रेघांचा विचार करतो आणि इथला वारसाही रेघांचाच आहे. ठिपक्यांच्या कायद्याला जे दिसत नाही, ते या आराखड्याला दिसू शकते.

यावर पहिला आक्षेप मागासलेपणाचा, आणि तो हलका नाही. या भागाला विकासासाठी राज्यघटनेत २०१२ मध्ये ३७१-जे हे खास कलम मिळवावे लागले. अशा जिल्ह्याने आधी रस्ते पाहावेत की जुने दगड? पण हा पेच वाटतो तितका खरा नाही. बिदर–कलबुर्गी लोहमार्गाला मंजुरीपासून पहिल्या गाडीपर्यंत साधारण वीस वर्षे लागली. त्या हिशेबात सहा महिन्यांची वारसा-पाहणी कुणालाही जड झाली नसती. आणि गावाबाहेरून रस्ता नेला म्हणजे गाव मेले, असेही होत नाही. बसवकल्याण हे कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीचे गाव. ‘मिताक्षरा’ तिथे लिहिली गेली आणि बसवेश्वरांचा अनुभव मंटपही तिथलाच. राष्ट्रीय महामार्ग गावात न शिरता सस्तापूर बंगल्यावरून जातो. तरी त्याच महामार्गाच्या आधाराने ट्रकदुरुस्तीचा आणि जुन्या ट्रकांच्या खरेदी-विक्रीचा एवढा धंदा इथे वाढला, की ट्रकवाले या गावाला चालुक्यांपेक्षा त्यासाठीच ओळखतात. बिदरमध्येही जड वाहने वेशींबाहेर राहिली, तर चौबाऱ्याकडून मदरशावरून किल्ल्याकडे जाणारा रस्ता दुकानदारालाही हवासा होईल आणि पाहुण्यालाही. वळणरस्ता हा वारशाने वाहतुकीवर लादलेला दंड नव्हे. दोघांचे हित एका जागी येते ते तिथेच.

दुसरा आक्षेप असा, की या मुलखात जिथे खणावे तिथे काही ना काही निघते. मग रस्ता न्यायचा कुठून? सन्नती हे त्याचे चांगले उदाहरण. १९८६ मध्ये भीमाकाठच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात एका देवळाचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिला अशोकाच्या लेखाची निघाली. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीच्या उत्खननात स्तूप सापडला आणि त्यात नावानिशी कोरलेली अशोकाची प्रतिमाही. यादीत नव्हते तेच सर्वांत मोलाचे ठरले. पण यातून ‘काहीच करता येणार नाही’ असे निघत नाही. आधी पाहावे, असे निघते. प्रत्येक अवशेष वाचवणे शक्य नाही, आवश्यकही नाही. कुठे रस्ता वळवायचा, कुठे उंचावरून न्यायचा, कुठे खणून नोंद करून पुढे जायचे, हा तारतम्याचा निर्णय आहे. तारतम्य वापरायला वेळ हातात असावा लागतो, आणि तो फक्त दीर्घ पल्ल्याच्या आराखड्यात असतो.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण मनात असतो: हा वारसा नेमका कुणाचा? कन्नड की मराठी, मुसलमानांचा की लिंगायतांचा? याचे उत्तर बिदरजवळच्या अष्टूरला दरवर्षी चालत येते. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणणाऱ्या अहमदशहा वलीची कबर तिथे आहे, आणि अनेक लिंगायत त्याला अल्लमप्रभू मानतात. होळीनंतर उरुस भरतो, तेव्हा कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचे जंगम अनुयायांसह पायी अष्टूरला येतात, शंख वाजतो, नारळ फुटतो, कबरीवर फुले वाहिली जातात. दोन जिल्ह्यांना जोडणारी ही वाट कोणत्याही स्मारकाच्या १०० मीटरांत बसत नाही. चौपदरी महामार्ग ती कुठेतरी ओलांडणारच. तिथे पायी माणसांसाठी भुयारी वाट ठेवायची की मधल्या कठड्यावरून त्यांना उड्या मारायला लावायच्या, हे उरुसाच्या दिवशी ठरवता येत नाही. ते वीस वर्षे आधी, एखाद्या नियोजन कार्यालयातल्या नकाशावर ठरते. म्हणून माड्याळची ती वाट त्या नकाशावर आजच उमटलेली हवी.