गिअरबॉक्सची बोली

घरात मोटार आली म्हणजे तिच्याबरोबर काही नवे आवाजही येतात आणि थोड्याच दिवसांत ते घरच्या मंडळींच्या अंगवळणी पडतात. गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या चार गाड्यांतून आपली कोणती, हे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या माणसालाही खिडकीशी न जाता कळते. अशा ओळखीच्या आवाजात एखादे दिवशी परका सूर मिसळतो आणि गाडी चालवणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तो सूर गिअरबॉक्सकडून येत असेल तर काळजी दुणावते. इंजिनाकडे झाकण उघडून पाहता तरी येते. गिअरबॉक्स मात्र गाडीच्या पोटाशी, चहूकडून बंद असलेल्या धातूच्या पेटीत असतो. तो खाली उतरवायचा म्हणजे मजुरी आली, सुट्या भागांचा खर्च आला आणि दोन-चार दिवस गाडीवाचून खोळंबाही आला.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना तर लग्नकार्य, कुळाचार, सुतक-सोयर या निमित्तांनी दूरचे प्रवास चुकत नाहीत. बेळगावची मंडळी चोर्ला घाटाने गोव्यात उतरतात; इंदूरकरांना आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्रात येताना बिजासनचा घाट लागतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी असली म्हणजे इंजिनच तिला आवरून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. अशा वेळी पडलेला गिअर आपोआप सुटला, तर तो आधार क्षणात नाहीसा होतो. गाडीत म्हातारी माणसे आणि लहान मुले असताना हा प्रसंग कोणावरही येऊ नये. तो टाळायचा तर गिअरबॉक्स आधीपासून जे सांगत असतो, ते वेळीच ऐकले पाहिजे.

आवाजाला नेमके नाव

या बाबतीत मराठी माणसाचे एक भाग्य आहे. आपली भाषा आवाजांच्या नावांनी श्रीमंत आहे. किरकिर, करकर, खरखर, घरघर, खडखड, कटकट, गुणगुण, शीळ, खट्ट, धप्प. यांतला प्रत्येक शब्द निराळा आवाज दाखवतो आणि लहान मूलही त्यांची गल्लत करीत नाही. मेकॅनिककडे गेल्यावर मात्र आपण हे सारे धन घरी ठेवून ‘काहीतरी आवाज येतो’ एवढेच सांगतो. वैद्यापुढे बसून ‘काहीतरी दुखते’ म्हणण्यासारखेच हे झाले. आवाज कसा येतो, केव्हा येतो आणि काय केल्यावर थांबतो, या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन गेलो, तर निम्मे निदान घरीच होते.

आतली रचना

त्यासाठी पेटीतला कारभार थोडक्यात समजून घेऊ. इंजिनाची गती प्रथम क्लचकडे येते. पेडल सोडलेले असताना क्लच ती गती गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टला देतो; पेडल दाबले की हा संबंध तुटतो. आतल्या चाकांचे दाते सहसा तिरपे कापलेले असतात. ते एकमेकांत हळूहळू शिरतात, म्हणून आवाज कमी होतो. मागे जाण्याच्या गिअरचे दाते पुष्कळ गाड्यांत सरळ असतात. म्हणून रिव्हर्समध्ये गाडी ‘ऊंऽऽ’ असा सूर लावते. तो तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

गिअर बदलताना दोन भागांची गती जुळावी लागते. ती जुळवणारी पितळी कडी ज्यात असतात, त्या योजनेला सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम आली. त्यापूर्वी गती जुळवण्याचे काम चालकाच्या कानालाच करावे लागे.

उभ्या गाडीची परीक्षा

पहिली परीक्षा गाडी उभी करून घ्यावी. जागा सपाट आणि मोकळी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडलवरचा पाय काढून घ्यावा. आता घरघर ऐकू येत असेल आणि पेडल दाबताच ती थांबत असेल, तर क्लचकडून आत येणाऱ्या शाफ्टचे किंवा त्याच्या जोडीला फिरणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग झिजले असण्याचा संभव मोठा. डिझेल गाड्यांत हलकी खडखड या अवस्थेत पहिल्यापासूनच असू शकते. ती वाढत गेली तरच दखल घ्यावी. याउलट, एरवी शांतता आणि पेडल दाबले की किरकिर किंवा शीळ, असे असेल तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर घ्यावा. हा भाग गिअरबॉक्सच्या बाहेरचा आहे.

दुसरी परीक्षा गिअर टाकतानाची. पेडल पूर्ण दाबून आठ-दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही ‘करर्र’ असा आवाज झाला, तर पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, ही त्याच दुखण्याची दुसरी खूण. परंतु चालत्या गाडीत करकर एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, होत असेल आणि बाकीचे बिनतक्रार पडत असतील, तर त्या गिअरचे पितळी कडे झिजले आहे.

चालत्या गाडीची परीक्षा

तिसरी परीक्षा रस्त्यावरची. एकाच गिअरमध्ये गुरगुर होत असेल तर त्या गिअरच्या दात्यांकडे बोट दाखवावे. सगळ्याच गिअरमध्ये होत असेल तर बेअरिंग किंवा कमी झालेले तेल. अँबॅसिडरसारख्या मागची चाके ओढणाऱ्या जुन्या गाड्यांत आणखी एक खूण मिळे. चौथ्या गिअरमध्ये गती आतून सरळ पलीकडे जाते आणि जोडीच्या शाफ्टवर भार राहत नाही. म्हणून पहिल्या तीन गिअरमधला आवाज चौथ्यात नाहीसा झाला, की दोष त्या शाफ्टपाशी असल्याचे कळे. मारुती ८०० सारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांची रचना निराळी असल्याने ही खूण त्यांना लागू पडत नाही.

काही आवाज गिअरबॉक्सच्या नावावर विनाकारण जमा होतात. कोणताही गिअर असो, आवाज केवळ वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो; तेव्हा आवाज वाढला तर सहसा उजवे बेअरिंग दोषी. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट होत असेल तर पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा आणि त्यावरची रबरी पिशवी तपासावी. ॲक्सिलरेटर दाबताना वा सोडताना ‘धप्प’ वाजले तर इंजिनाखालची रबरी माउंटिंग बसली असेल.

एका मिस्त्रींची गोष्ट

आमच्या शाळेतील एका निवृत्त लिपिकांकडे जुनी मारुती होती. भाचीच्या लग्नाला चार दिवस उरले असता पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही करकरू लागले. एका गॅरेजमध्ये न उघडताच सांगण्यात आले, की गिअरबॉक्स बदलावा लागेल. सांगितलेला आकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून मोठा होता. आहेरासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडावे काय, अशा विवंचनेत ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना घेऊन एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी इंजिन बंद करून चारही गिअर टाकून पाहिले, मग चालू करून पाहिले आणि हसून पान्हा घेतला. क्लचची केबल सैल झाली होती. तिच्या टोकाचा नट चार आटे फिरवताच रिव्हर्स मुकाट पडला. मजुरी विचारली तर म्हणाले, “चहा पाजा, सर.” लिपिकांनी चहा पाजला आणि हट्टाने पैसेही दिले. सगळी गॅरेजे पहिल्यासारखी नसतात आणि सगळे दोष इतके स्वस्तही नसतात. परंतु इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहणे तर त्या गृहस्थांना घरच्या अंगणातही जमले असते.

पथ्ये

शेवटी थोडी पथ्ये. गिअरचे तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. काही तेलांतील रसायने पितळी कड्यांना मानवत नाहीत. तेल बदलताना निघालेले तेल पाहावे. बारीक राखाडी चुरा वापराने येतोच. सोनेरी चमक दिसली तर कडी झिजत आहेत आणि पोलादाचे कपचे दिसले तर गाडी पुढे चालवू नये. चालवताना पाय क्लचवर आणि हात गिअरच्या दांड्यावर विसावू देऊ नये. चढावर गाडी क्लचने तोलून धरू नये. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे ही तर जिवाशी गाठ आहे. पडलेला गिअर एकदा जरी आपोआप सुटला, तरी दुरुस्ती होईपर्यंत घाटाचा बेत पुढे ढकलावा.

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आठवडाभर आधी रेडिओ बंद करून आणि काचा खाली करून गाडी दोन-तीन मैल फिरवून आणावी. सोबत घरातले एक तरुण माणूस घ्यावे आणि कानावर येईल तो आवाज त्याच्याकडून मराठीत लिहून घ्यावा. तो कागद मिस्त्रींच्या हाती दिला, म्हणजे त्यांचा वेळ वाचेल आणि आपले पैसेही.