होन, पुतळी आणि गिन्नी : घरातील इतिहास मुशीत जाऊ देऊ नका



सोन्याचे भाव चढले की जुने दागिने मोडून नवे घडवण्याची लगबग सुरू होते. त्या मोडीत कधी कधी एखादे जुने नाणेही असते. सोनार वजन करतो, कस पाहतो, घट धरतो आणि नाणे मुशीत जाते. सोने पुन्हा मिळते, नाणे मात्र कायमचे जाते. म्हणून या अंकात आम्ही जुन्या सुवर्णनाण्यांची थोडी ओळख करून देत आहोत.

होन : ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. होनाच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. शिवराई आजही अनेकांच्या संग्रहात दिसते, अस्सल होन मात्र अगदी मोजके उरले आहेत. बाजारात नकली होन फार आहेत, हेही लक्षात ठेवावे.

पुतळी : आजीच्या पुतळ्यांच्या माळेचे मूळ इटलीतील व्हेनिस शहरात आहे. तेथील डुकाट हे जवळजवळ शुद्ध सोन्याचे, साडेतीन ग्रॅमचे नाणे १२८४ पासून पाडले जात असे. व्यापारातून ते आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावरील मानवाकृतींमुळे लोक त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे सोनारांनी तशाच चकत्या घडवून माळा केल्या. त्यामुळे बहुतेक माळांत नक्कल असते; पण एखादे अस्सल नाणेही असू शकते.

गिन्नी : ही इंग्रजांची. वजन सुमारे आठ ग्रॅम, सोने २२ कॅरेटचे. एका बाजूस राजा किंवा राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बहुधा घोडेस्वार आणि अजगरासारखा प्राणी. १९१८ या एकाच वर्षी मुंबईच्या टांकसाळीत गिन्न्या पाडल्या गेल्या. त्यांवर वर्षाच्या अंकांच्या वर ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर असते. भिंगातून अवश्य पाहा.

नाणे दुर्मिळ कसे होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे १९३३ साली ‘डबल ईगल’ ही वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली. त्याच वर्षी सरकारने सोन्याची नाणी चलनातून काढली आणि नंतर ही जवळजवळ सर्व वितळवली. वाचलेल्यांपैकी एक जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्यात सोने जेमतेम तीस ग्रॅम!

परंतु नाण्याचे खरे मोल पैशात नाही. आपल्या गोदावरीच्या काठी जगत्याल जिल्ह्यात कोटिलिंगाला येथे सातवाहन राजा सिमुक याच्या नावाची नाणी मिळाली. ती सोन्याची नव्हती, तरी हा भाग सातवाहनांच्या आरंभकाळाशी जोडला गेला. कारण ती कोठे मिळाली, हे माहीत होते. ठिकाण विसरले की नाणे मुके होते.

म्हणून पालकांना आमची विनंती :

१. नाणे चिंच, राख किंवा पावडरीने घासू नका. कडेने धरा.
२. नव्याने कडी डाखवू नका. त्याने नाणे बिघडते.
३. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, वजन लिहा आणि ते घरात कोणाकडून आले हेही लिहा.
४. मोडण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.
५. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे.
६. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परदेशी नेता येत नाही. परदेशी नातेवाइकांना भेट देताना हे ध्यानात असावे.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा. वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडून आपली घराणी इकडे आली, तेव्हा गाठोड्यात काय होते ते विचारा. नाणे शाळेत मुळीच आणू नका. छायाचित्र आणि एक पानभर माहिती आणा. निवडक माहिती आम्ही पुढील अंकात छापू.

— मुख्याध्यापक