खरखर येते कुठून?

श्रोतेहो, हवामानाची बातमी लागते, “उद्या दुपारनंतर...” एवढं ऐकू येतं आणि पुढचे शब्द खरखरीत बुडतात. आपण काय करतो? आवाज वाढवतो. पण बातमीबरोबर खरखरही वाढते! असं का व्हावं?

दळणात खडे राहिले, तर पीठ कितीही बारीक दळा, भाकरी कचकचतेच. खडे दळणाआधीच वेचावे लागतात. ध्वनिवर्धकाचंही तसंच आहे. एरियलवर किंवा मायक्रोफोनमधून येणारा संदेश फार क्षीण असतो. सुरुवातीला त्यात जे मिसळलं, ते पुढे संदेशाबरोबरच मोठं होतं.

हे खडे दोन जातींचे. पहिले बाहेरचे. विजेच्या तारांतली ५० सायकलची घूंघूं, आकाशातली वीज, मोबाइलचे चार्जर, काही एलईडी दिवे. परीक्षा सोपी आहे. रेडिओ सेलवर लावा, मग एकेक चार्जर नि दिवा बंद करून पाहा. मध्यम लहरींवर संच जागच्या जागी फिरवा. एखाद्या दिशेला खरखर कमी होते.

शाळेच्या कर्ण्यासाठी मायक्रोफोनची तार जाळीच्या आवरणाची घ्यावी आणि विजेच्या तारेपासून दूर न्यावी. मात्र घूंघूं थांबावी म्हणून विजेची अर्थिंगची तार कधीही काढू नका. त्यात जिवाला धोका आहे.

दुसरे खडे घरातलेच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ते मोजले आणि नायक्विस्ट यांनी त्यांचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक रोधकातले इलेक्ट्रॉन उष्णतेने सारखे धडपडत असतात. १०,००० ओहमच्या रोधकात, खोलीच्या तापमानाला, १०,००० सायकलच्या पट्ट्यात सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट इतका गोंगाट आपोआप उपजतो. तो समूळ जात नाही, कमी करता येतो. सुरुवातीचा रोध एक चतुर्थांश केला, तर गोंगाट निम्मा होतो. पट्टा अरुंद केला तरीही तो घटतो. बोलणं समजायला तीन-चार हजार सायकल पुरतात. म्हणून टोनचं बटण थोडं उतरवलं, की सूंसूं कमी होते आणि शब्द मात्र राहतात.

गुरुजी, वर्गात सेलवरचा रेडिओ लावा, जवळ चार्जर आणा, पुन्हा दूर न्या. खरखर कुठून येते, ते मुलं आपल्याच कानांनी ओळखतील. आणि पुढच्या वेळी आवाजाच्या बटणाकडे हात जाण्याआधी ती खडा शोधू लागतील.