'बोलून जाणे' आणि 'बोलून बसणे'

विचार करण्यापूर्वीच तोंडातून निघालेल्या बोलण्यास मराठीत कोणते क्रियापद आहे, असे विचारल्यास 'बरळणे' हे उत्तर प्रथम सुचते. परंतु ते समर्पक नव्हे. माणूस झोपेत बरळतो, वातात बरळतो. त्या क्रियापदाचा रोख बोलण्याच्या असंबद्धतेवर असतो. अविचाराने निघालेले वाक्य मात्र पुष्कळदा सुसंबद्ध, किंबहुना खरेही असते. त्यातील उणीव अर्थाची नसून आवराची असते.

हा अर्थ मराठीने मुख्यतः संयुक्त क्रियापदांकडे सोपविलेला दिसतो. संयुक्त क्रियापदांचा विचार मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'तही (१९११) आढळतो. येथे त्यांतील तीनच रूपे घेतली आहेत.

(१) रागाच्या भरात तो बोलून गेला.
(२) तो भलतेच बोलून बसला.
(३) त्याने मनातले सारे बोलून टाकले.

पहिल्यात बोलणे नकळत घडते. दुसऱ्यात ते घडून अंगाशी येते. 'बसणे' परत न घेता येणारा परिणाम सुचविते. तिसऱ्यात बोलणारा मनावरचा भार हेतुपूर्वक उतरवितो. पहिली दोन वाक्ये कर्तरी प्रयोगातील व तिसरे कर्मणी प्रयोगातील आहे. पण हा भेद सहायक क्रियापदाच्या अकर्मक-सकर्मकत्वामुळे पडतो. तेवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही.

त्यासाठी आज्ञार्थाची कसोटी अधिक उपयोगी पडते. 'एकदाचे बोलून टाक' असे सहज म्हणता येते. 'बोलून जा' म्हटल्यास 'बोल आणि मग जा' एवढाच अर्थ होतो. 'बोलून बस' हे तर या अर्थी संभवतच नाही. उलट 'काही भलतेच बोलून बसू नकोस' ही सूचना घरोघर ऐकू येते. 'घसरू नकोस' म्हणतात, 'घसर' अशी आज्ञा कोणी करीत नाही. तसाच हा प्रकार आहे. जे हेतूने करता येत नाही त्याची आज्ञा होत नाही, मात्र त्याविषयी सावध करता येते. 'तोंडून निघून गेले' या रचनेत तर बोलणारा कर्तृपदावरूनही दूर होतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. 'साक्षीदार बोलून गेला' आणि 'साक्षीदाराने बोलून टाकले' या दोन वाक्यांत साक्षीदाराचे शब्द तेच असू शकतील. निराळा असतो तो वृत्तान्त सांगणाऱ्याचा निवाडा. 'मी बोलून गेलो' ही बोलणाऱ्याची सबब असते. दुखावलेला मनुष्य त्याच प्रसंगी 'त्याने बोलून दाखविले' असे म्हणेल. जबानीचे भाषांतर करताना या सर्वांस एकच 'म्हणाला' योजल्यास उक्ती कायम राहते, परंतु दोषाची वाटणी नाहीशी होते. म्हणून कोशकाराने ही रूपे 'बोलणे' या नोंदीत स्वतंत्र अर्थांसह दाखविणे अवश्य आहे.