गाण्याचं चलान

दिवसा मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी विभागात काम करते आणि संध्याकाळी घरामागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करते. खोली साधीच आहे. भिंतींना जाड गोधड्या, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, एक संगणक. शेजारच्या शेडमधल्या पॉवर प्रेसचा ठोका भिंतीतून आत येतो, म्हणून गळ्याचं काम सुट्टीच्या दिवशी आणि बाकीची जुळणी रात्री. येणारी माणसं आसपासचीच. सिडकोतली भजनी मंडळं, पाथर्डी फाट्याकडची रॅप करणारी आयटीआयची मुलं, चौदा एप्रिलसाठी भीमगीतं बसवणारे गायक, आणि धुळे-जळगावकडून कामासाठी येऊन इथेच स्थिरावलेली, घरात अजून अहिराणी बोलणारी खानदेशी कुटुंबं.

गाणं तयार झालं की बहुतेक जण एकच विचारतात, "ताई, हे प्लेलिस्टमध्ये कसं लागेल?" प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्वी कॅसेट काढायची तर कंपनीचा दरवाजा ठोठावावा लागे. आता घरबसल्या गाणं जगभर सोडता येतं, पण तसं सोडणारे अफाट झालेत. ल्युमिनेट ही संस्था संगीताच्या खपाची मोजदाद करते. तिच्या 2023 च्या अहवालानुसार त्या वर्षी रोज सरासरी 1 लाखाहून अधिक नवी ध्वनिमुद्रणं स्ट्रीमिंगवर आली. वर्षअखेरीस असलेल्या सुमारे 18.4 कोटी ध्वनिमुद्रणांपैकी 15.8 कोटींहून जास्त वर्षभरात हजारापेक्षा अधिक वेळा वाजली नाहीत. साडेचार कोटी तर एकदाही वाजली नाहीत. एवढ्या गर्दीत ऐकणारा एकेक गाणं शोधत बसत नाही. तो एखादी यादी लावतो आणि कामाला लागतो.

त्यामुळे अनेकांना वाटतं, यादीत येणं हे ओळखीचं किंवा पैशाचं काम असणार. माझा अनुभव वेगळा आहे. दोन गोष्टी नीट झाल्या की छोट्या गावातलं, छोट्या बोलीतलं गाणंही वाट काढतं: गाण्यासोबत जाणारी माहिती बिनचूक हवी आणि पहिले ऐकणारे खरे हवेत.

याद्या तीन तऱ्हेच्या

पहिली संपादकांची. भारतात 2019 मध्ये आलेल्या स्पॉटिफायकडे किंवा जिओसावन, ॲपल म्युझिक यांच्याकडे गाणी निवडणारी माणसं असतात. दुसरी यंत्राची. ती प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळी बनते. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' 2015 पासून दर सोमवारी बदलते आणि 'रिलीज रडार' दर शुक्रवारी. तिसरी लोकांची, म्हणजे तुम्ही-आम्ही केलेली: जिमची, प्रवासाची, हळदीची, ढोल पथकाच्या सरावाची.

नवे कलाकार पहिल्या यादीकडे डोळे लावून बसतात. खरी सुरुवात बहुधा तिसरीतून होते. यंत्राला गाण्याची थोरवी कळत नाही, पण माणसांचं वागणं ते टिपतं. कोणी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कोणी साठवलं, कोणी आपल्या यादीत घातलं, कोणी दहाव्या सेकंदाला पुढे ढकललं. तुमचं गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात हे पाहून यंत्र तशाच आवडीच्या दुसऱ्या माणसांपुढे ते ठेवतं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये गाजलं ते आधी लोकांच्या रील्समधून. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केलं. भाषा मराठी असल्यामुळे वाट अडते, हा समज या दोन गाण्यांनी पुरता मोडून काढला.

कागद पूर्ण असला तरच माल आत

आमच्या कंपनीतून मोठ्या कारखान्याला माल जातो तेव्हा जॉब कितीही अचूक असला तरी चलानवर पार्ट नंबर चुकला किंवा तपासणीचा रिपोर्ट नसला तर गाडी गेटवरच उभी राहते. गाण्याचंही तेच आहे.

स्पॉटिफाय किंवा ॲपलकडे आपण थेट गाणं देऊ शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यातली परिचित नावं. कोणी वर्षाची फी घेतं, कोणी प्रत्येक गाण्यामागे, कोणी उत्पन्नात वाटा. वर्षाची फी थांबवली तर गाणं खाली उतरतं का, हे आधी विचारून घ्यावं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो गाण्याला जन्मभर चिकटलेला असतो. डिस्ट्रिब्युटर बदलून गाणं पुन्हा चढवताना जुनाच क्रमांक द्यायचा. नवा घेतला की आधीचे स्ट्रीम्स एकीकडे आणि गाणं दुसरीकडे अशी फाटाफूट होऊ शकते. तेच कलाकाराच्या पानाचं. सारख्या नावाचे गायक अनेक असतात, म्हणून आपल्या पानाची लिंक दिली नाही तर गाणं भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसतं. रोमन लिपीतलं स्पेलिंगही एकदा ठरवावं आणि गाण्यावर, व्हिडिओवर, इन्स्टाग्रामवर तेच ठेवावं. शोधणारा माणूस दोन स्पेलिंगं करून पाहत नाही.

हक्कांचा कागद तर सर्वांत आधी. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेला बीट बहुतेकदा शेकडो जणांना विकलेला असतो. त्याचा परवाना वाचल्याशिवाय मी मुलांना त्यावर गाऊ देत नाही. संतांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या संगीतकाराने दिलेली आणि लोकप्रिय झालेली चाल सगळ्यांची असेलच असं नाही. भजनी मंडळांना हे समजावताना वेळ जातो. तो द्यावाच लागतो.

नाव गाण्यात असतं, ते रकान्यातही हवं

आपल्या परंपरेत रचनाकाराचं नाव गाण्यातच ओवलेलं असतं. तुकोबांच्या अभंगात तुका येतो. इथून जवळच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' घालत. गाणं तोंडोतोंडी गावोगाव फिरलं तरी धनी कोण ते ऐकणाऱ्याला कळे. संगणक कडवं ऐकून नाव टिपत नाही. गीतकार, संगीतकार, गायक, वादक, मिक्सिंग करणारा हे रकाने आपणच भरायचे. ढोलकी वाजवणाऱ्या मुलाचं नाव राहिलं तर त्याचं काम नोंदीतून कायमचं गळतं, म्हणून मी नावं कागदावर लिहून घेते आणि प्रत्येकाची सही घेते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणाचे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून येतात. शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस ही 1969 मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कायद्याने राखला गेला आहे. तो वारसांना किंवा अशा संस्थेला सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही. पण सभासदत्व घेऊन गाण्यांची नोंद केलीच नाही, तर हक्क असूनही पैसा पोचत नाही.

कानबाईची गाणी आणि तारीख

शेजारच्या मावशी आणि त्यांच्या सोबतिणींनी माझ्याकडे कानबाईची गाणी रेकॉर्ड केली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, रोट होतात, रात्र गाण्यांनी जागते. मावशी म्हणाल्या, "रविवारी सोडून देऊ." मी त्यांना समजावलं की सणाला गाणं ऐकू यायचं असेल तर आषाढातच काम उरकलं पाहिजे.

कारण असं: स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायला 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मध्ये अर्ज असतो. तो अजून न सोडलेल्या गाण्यासाठीच करता येतो, आणि एका वेळी एकाच गाण्यासाठी. किमान 7 दिवस आधी केला तर ते गाणं तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार'मध्ये जातं. मी तीन-चार आठवडे हाताशी ठेवते, कारण डिस्ट्रिब्युटरच्या तपासणीतही दिवस जातात. अर्जात प्रकार, भाषा, वाद्यं, गावाचं नाव भरायचं आणि 500 अक्षरांत गाण्याबद्दल लिहायचं. तिथे 'सुपरहिट' वगैरे लिहून जागा घालवू नये. तिथल्या भाषांच्या यादीत मला अहिराणी सापडली नाही, म्हणून रकान्यात मराठी निवडलं आणि खाली लिहिलं: ही अहिराणीतली कानबाईची गाणी, अमुक सणाला बायका रात्री गातात, नाशिकच्या खानदेशी वस्तीत रेकॉर्ड केली. गीतकाराच्या जागी 'पारंपरिक', आणि गाणाऱ्या प्रत्येकीचं पूर्ण नाव.

संपादकांच्या यादीत ती गाणी लागली नाहीत. पण मावशींनी लिंक नातेवाइकांना पाठवली आणि सोबत एक निरोप: आवडलं तर साठवा आणि आपल्या यादीत घाला. कल्याणला, पुण्याला, सुरतेला राहणाऱ्या खानदेशी घरांत ती ऐकली गेली. कोणत्या शहरात ऐकतात ते कलाकाराच्या पानावर दिसतं. पुढच्या श्रावणात आम्ही काहीही न करता आकडे पुन्हा चढले, आणि या खेपेला बरेचसे ऐकणारे यंत्राच्या यादीतून आलेले होते.

विकत मिळणारे स्ट्रीम्स

रॅप करणाऱ्या एका मुलाला मोबाइलवर निरोप आला: इतके रुपये भरा, दहा हजार स्ट्रीम्स आणि मोठ्या प्लेलिस्टमध्ये जागा. त्याने ओव्हरटाइमचे पैसे भरले. आकडे आले, पण ऐकणारे सगळे परदेशातल्या अशा एका शहरातले, जिथे मराठी रॅप कोणाच्या ओळखीचंही नसणार, आणि साठवणारा एकही नाही. काही आठवड्यांत गाणं उतरवलं गेलं. पैसे घेणाऱ्याचा फोन बंद.

हे प्रत्येक घरात सांगायला हवं. संपादकांच्या यादीतली जागा विकत मिळत नाही. विकणारा असतो तो बनावट खात्यांनी स्ट्रीम्स फिरवणारा. 2024 पासून स्पॉटिफाय अशा उघड बनावट स्ट्रीम्ससाठी डिस्ट्रिब्युटर आणि लेबलकडून दंड घेतं. तो दंड शेवटी कलाकाराच्या माथी येऊ शकतो. शिवाय बनावट ऐकणाऱ्यांमुळे यंत्राला चुकीची ओळख होते आणि ते गाणं खऱ्या मराठी माणसापुढे ठेवणंच थांबवतं. घरच्यांनी आवाज बंद करून रात्रभर गाणं फिरवत ठेवणं हीसुद्धा फसवणूकच.

पैशाचं खरं चित्रही मुलांपुढे ठेवावं. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो. एका स्ट्रीमचा ठरलेला दर नसतो. जमलेल्या रकमेतून एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार वाटणी होते. 2024 पासून तिथे 12 महिन्यांत किमान 1000 स्ट्रीम्स झाल्याशिवाय ध्वनिमुद्रणाचा मोबदला सुरू होत नाही. म्हणून नोकरी सोडून गाण्यामागे लागा, असं मी कोणाला सांगत नाही. पण हजार खरे ऐकणारे मिळवणं अंबडमधल्या मुलालाही शक्य आहे, आणि त्यांच्यातूनच कार्यक्रम, सुपाऱ्या आणि पुढची गाणी मिळतात.

यात वाचकांचा वाटा मोठा आहे. तुमच्या गावातल्या, तुमच्या बोलीतल्या कलाकाराचं गाणं मनापासून आवडलं तर नुसता अंगठा दाखवून थांबू नका. ते पूर्ण ऐका, साठवा, आपल्या यादीत घाला, खाली कोणाची नावं आहेत ती वाचा. यंत्र या खुणा मोजतं आणि त्यावरून पुढच्या माणसाला गाणं सुचवतं. अहिराणी, आगरी, वऱ्हाडी, मालवणी गाण्यांना वर आणण्याची ताकद ती बोली बोलणाऱ्या माणसांइतकी दुसऱ्या कोणाकडेही नाही.