खुर्ची, आकडा आणि दिगू टिपणीस

राजकीय थरारकथा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ‘हाउस ऑफ कार्ड्स’ आठवतं. मायकेल डॉब्जची ती कादंबरी १९८९ची. पण सत्तेचा हा खेळ मराठीत त्याआधीच मांडून झाला होता. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ १९७३ला आली, ‘सिंहासन’ १९७७ला. या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९मध्ये जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ पडद्यावर आला. आपल्या मंडळातल्या नव्या सभासदांनी तो का पाहावा, ते सांगतो.

गोष्ट साधी आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांना कळतं की आपल्याला खाली खेचायचा कट शिजतोय. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांची नजर खुर्चीवर आहे. इथलं रहस्य खुनाचं नाही, बहुमताचं आहे. कोणाच्या मागे किती आमदार? कोण कधी फुटणार? बंदूक न रोखताही श्वास रोखला जातो तो इथे.

याच पटेल-तेंडुलकर जोडीच्या ‘सामना’त निळू फुले साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील होते. तिथे अन्याय करणारा एक माणूस समोर दिसतो, त्याच्याकडे बोट दाखवता येतं. ‘सिंहासन’मध्ये तेच निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस झालेत आणि बोट दाखवायला कोणी एक उरत नाही. मुख्यमंत्री धूर्त, दाभाडेही धूर्त. उद्या तिसरा आला तरी तो तसाच वागेल. निर्दय माणूस नव्हे, ती खुर्चीच निर्दय, असं साधू सुचवतात. ते स्वतः पत्रकार होते, मंत्रालयाचे जिने त्यांना ठाऊक होते. म्हणून कादंबरी येऊन वर्ष होतं न होतं तोच जुलै १९७८मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार आतूनच फुटून पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा ती भविष्यवाणी वाटली असेल. खरं तर तो यंत्रणेचा अभ्यास होता.

पुढे यंत्रणेचे नियम बदलले. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर एकट्यादुकट्या आमदाराने फुटणं धोक्याचं झालं. पक्षातला एक तृतीयांश गट फुटला तर चालायचं. २००३च्या घटनादुरुस्तीने ही पळवाटही बुजवली. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन तृतीयांश आमदार हवेत. म्हणजे कथेतला ताण तोच, आकडा मोठा. आणि आमदार जास्त सांभाळायचे म्हटल्यावर हॉटेल, बस आणि विमान हीही पात्रं कथेत आली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमचं घर कामरेजला, सुरतेच्या जरा पुढे, हायवे जिथे तापी ओलांडतो तिथे. जून २०२२मध्ये शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंद्यांबरोबर मुंबईहून रातोरात सुरतेच्या हॉटेलात आले आणि तिथून गुवाहाटीला गेले. त्या दोन दिवसांत आमच्याकडची मराठी माणसं, जी एरवी महाराष्ट्राच्या बातम्या सणावाराला बघतात, तीही मोजायला बसली. ५५ आमदार, दोन तृतीयांश म्हणजे ३७. ‘‘किती झाले रे?’’ असं क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारलं जात होतं. मीही विचारत होतो. बरोबर कोण, चूक कोण, यावर घरोघरी दोन मतं होती आणि इथे तो वाद नको. मला खटकलं ते वेगळंच. त्या आमदारांना निवडून देणाऱ्यांना काय वाटत असेल, हे आमच्यात कोणी विचारलं नाही.

‘सिंहासन’ याच जागी बोट ठेवतो. दिगूला आतलं सगळं कळतं, पण त्या कळण्याने काहीच बदलत नाही. शेवटी खुर्चीचा डाव मिटतो आणि दिगूच वेडा होतो. सत्तेच्या चित्रपटात वेड लागतं ते बघणाऱ्याला, हे मला फार मोठं वाटतं. परदेशी मालिकेतला नायक कॅमेऱ्यात बघून आपल्याला कटात सामील करून घेतो, आपण खूश होतो. साधू-तेंडुलकर-पटेल मात्र आपल्याला दिगूच्या खुर्चीत बसवतात आणि तिथे फार वेळ मजेत बसता येत नाही.

तेव्हा चित्रपट बघा, जमलं तर आधी दोन्ही कादंबऱ्या वाचा. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर आकडे फिरायला लागले, की मोजता मोजता एकदा तरी विचारा: या बेरजेत मतदार कुठे धरलाय?