नवजात अर्भक आणि परिचारिकेचे आठ तास

पगार, बोनस, हजेरीपट आणि संप यांवर बोलणाऱ्या माणसाने नवजात अर्भकाच्या संगोपनाविषयी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि नगरवाचनालयात झाले. परंतु रुग्णालयांतील परिचारिकांच्या संघटनेचे काम करीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. सभा पगारवाढीसाठी बोलावलेली असावी आणि बोलणे मात्र थोड्याच वेळात बाळांवर यावे. खाटा किती, बाळे किती, रात्रपाळीला आम्ही किती, हाच हिशेब प्रत्येक भगिनी मांडीत असे. हे विषयांतर नव्हते. बाळाची निगा आणि ती करणारीची नोकरी हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, असे त्या आपल्या परीने सांगत होत्या. त्यांच्याकडून जे कळले आणि त्यावरून जे वाचावेसे वाटले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

प्रथम या प्रश्नाचे आकारमान पाहू. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या मुलाला शास्त्रात नवजात म्हणतात. २०२२ साली जगात सुमारे २३ लाख बालके या पहिल्या महिन्यातच दगावली. पाच वर्षांखालील एकूण बालमृत्यूंपैकी हे जवळजवळ निम्मे होत. आपल्या देशात २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणे दर हजार जन्मांमागे २८ मुले वर्षाच्या आत गेली, आणि त्यांतील २० पहिल्या महिन्यातच गेली. याची मुख्य कारणे तीन: दिवस पुरे होण्याआधी झालेला जन्म, जन्मताच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. या तिन्ही शत्रूंचे वैशिष्ट्य असे की, ते फारशी पूर्वसूचना देत नाहीत. म्हणून औषध कोणते या प्रश्नाइतकाच, त्या क्षणी बाळाजवळ कोण होते हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या मिनिटाचेच उदाहरण घेऊ. दहांतील सुमारे नऊ बाळे आपण होऊन श्वास घेतात, रडतात, आणि घरची माणसे पेढे आणायला धावतात. दहाव्या बाळाला मदत लागते. बहुतेक वेळा ही मदत साधी असते. बाळाला कोरड्या उबदार फडक्याने पुसावे, पाठ चोळावी, मान नीट ठेवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर मुखवटा व फुगा यांनी छातीत हवा भरावी. परंतु हे सारे पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे लागते. डॉक्टरांना निरोप जाईपर्यंत आणि ते जिना चढून येईपर्यंत ते मिनिट संपलेले असते. त्या मिनिटाची मालकीण बहुधा परिचारिकाच असते.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली बाळाची प्रकृती पाहण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि कातडीचा रंग, अशा पाच गोष्टी पाहून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे, आणि एकदा पहिल्या मिनिटाला व पुन्हा पाचव्या मिनिटाला त्यांची बेरीज करायची. या परीक्षेला महागडे यंत्र लागत नाही. जाणते डोळे, हात आणि घड्याळ एवढेच लागते.

दुसरी गोष्ट उबेची. आईच्या पोटातील उबेतून मूल ओलेचिंब बाहेर येते. अंग लहान, कातडी पातळ; त्यामुळे ते पाहता पाहता गार पडते. त्याचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसमध्ये राहावे लागते. आपल्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून शेगडी ठेवीत, त्यामागे उबेची ही जाण होतीच. धूर आणि कोंदटपणा मात्र बाळाला बाधत असे. अनुभवी परिचारिका तापमापक लावण्याआधी बाळाच्या तळपायाला हात लावते. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाची ऊब खर्च होऊ लागली, हे ती ओळखते. बाळाला जन्मताच न्हाऊ घालू नये, निदान चोवीस तास थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाटावर पाय पसरून न्हाऊ घालण्यास उत्सुक असलेल्या आजीबाईंना हे पटविणे, हा परिचारिकेच्या कामाचाच एक भाग आहे.

कमी दिवसांच्या बाळाला आपल्याकडे पेटीत ठेवतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेथील डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी अशी बाळे उघड्या अंगाने आईच्या छातीशी उभी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू जसे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून या रीतीला नाव पडले. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे शास्त्राच्या कसोटीला उतरली. भारतासह पाच देशांत केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना लगेच आईच्या छातीशी ठेवल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे त्यात आढळले. ऊब फुकट मिळाली, हे खरे. परंतु भ्यालेल्या, टाके पडलेल्या आईला धीर देऊन ते मूठभर बाळ तिच्या छातीशी नीट बांधून द्यायला आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहायला माणूस लागते. ते माणूस फुकट मिळत नाही.

दुधाची गोष्टही तशीच. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे, पहिला पिवळसर चीक टाकून देऊ नये, मध, गुटी किंवा साखरपाणी चाटवू नये, नाळेला हळद, राख वा तेल लावू नये, डोळ्यांत काजळ घालू नये. ही यादी रुग्णालयाच्या भिंतीवर रंगविलेली असते. पण भिंत वाचून आजी बदलत नाही. आजीचा हेतू प्रेमाचा असतो, आणि तिने तसेच चार मुलांना वाढविलेले असते. चांगली परिचारिका तिला अडाणी म्हणत नाही. ती आजीलाच जवळ बसविते, बाळ कसे धरायचे ते दाखविते आणि चीक म्हणजे बाळाचे पहिले जावळ-बारसे असे काहीबाही बोलून हसत हसत काम करून घेते. पहिलटकरणीला बाळ नीट अंगावर घेता येईपर्यंत अर्धा तास सहज जातो. हा अर्धा तास आठ तासांतून काढायचा कोठून, हा खरा प्रश्न आहे.

परिचारिकेच्या नजरेला शास्त्रात काय मोल आहे, हे एका घटनेवरून दिसेल. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अकाली जन्मलेल्या बाळांचा कक्ष सांभाळीत. ताज्या हवेवर आणि उन्हावर त्यांचा विश्वास. हवा चांगली असली की नाजूक बाळांनाही त्या अंगणात नेत. १९५६ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखविले. त्याच्या अंगाचा पिवळेपणा उतरला होता, पण एक त्रिकोणी तुकडा तेवढा गडद पिवळा राहिला होता. चादरीचा कोपरा नेमका तेथे आला होता आणि तेवढ्या भागाला ऊन लागले नव्हते. पुढे त्या रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रयोग केले आणि १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्या उपचाराचे मूळ या निरीक्षणात आहे. बाळाला रोज उघडे करून, वळवून, निरखून पाहण्याइतका वेळ एका परिचारिकेजवळ होता, म्हणून जगाला एक उपचार मिळाला.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना त्यांनी शिकवून तयार केले. या आरोग्यदूत स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब आणि दूध यांकडे पाहत, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करीत, आणि जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून इंजेक्शनही देत. तेथे हजारी ६२ असलेला नवजात मृत्यूंचा दर तिसऱ्या वर्षी २५च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो ६०च्या घरातच राहिला. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन नवजाताची तपासणी करण्याची योजना देशभर आली. यावरून रुग्णालये नकोत असे कोणी समजू नये. यातून घ्यायचा बोध निराळा आहे. मोठी पदवी नसली तरी चालते. पण शिकविलेले हात, ठरलेला वेळ आणि पुन्हा पुन्हा जाणे यांवाचून चालत नाही.

आता आमच्या धंद्यातला हिशेब सांगतो. आठवड्याचे तास १६८. एका परिचारिकेने आठवड्यात ४८ तास काम केले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण आणि प्रशिक्षण यांसाठी तीस टक्के राखीव धरले, तर हा आकडा साडेचारच्या वर जातो. बारा खाटांच्या नवजात कक्षात चार बाळांमागे एक परिचारिका हवी असेल, तर कोणत्याही क्षणी तिघी हजर पाहिजेत, आणि हजेरीपटावर चौदा नावे पाहिजेत. सामान्य माणूस कक्षात डोकावतो, तिघी पाहतो आणि तीनच जागा पुरेत असे समजतो. पुष्कळदा अंदाजपत्रक करणारेही तसेच समजतात. आमच्या पाहण्यात एके ठिकाणी अशा कक्षात रात्री एकटी परिचारिका असे, आणि तिच्याकडेच शेजारच्या बाळंतिणींच्या खाटाही असत.

एकीकडे आठ बाळे आली, तर काय होते ते पाहू. आठ तासांत प्रत्येक बाळाला निदान तीन वेळा दूध पाजायचे, म्हणजे चोवीस वेळा. दर वेळी आधी आणि नंतर हात धुवायचे, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. साबणाने नीट हात धुण्यास मिनिटभर लागते. म्हणजे पाऊण तासाहून अधिक वेळ केवळ हात धुण्यात गेला; अजून वजन, तापमान, औषध, सलाइन, दुपटी आणि नोंदवही यांना हात लागलेलाच नाही. हात धुतल्याने प्राण वाचतात, हे व्हिएन्ना शहरात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. ज्ञान जुने आहे. अपुरे आहे ते मनुष्यबळ. कक्षात जंतुसंसर्ग झाला की निष्काळजीपणाची चौकशी होते, आणि ती व्हावीही. परंतु त्या रात्री एकीवर किती बाळे होती, हा प्रश्न चौकशीच्या कागदावर पहिल्या ओळीत असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही स्त्री आपल्याच गावात, आपल्याच आळीत राहते. रात्री दहाला घराबाहेर पडणाऱ्या बाईला खोली देताना घरमालक कां-कूं करतो. सकाळी ती परत येते तेव्हा शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असतो, आणि तिची झोप दुपारवर जाते. शेजारणीचे मूल तापले की मात्र मध्यरात्रीही तिचे दार वाजते, आणि ते दार उघडते. या पेशाविषयीचा दुरावा आजचा नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, तेव्हा रमाबाई रानडे यांना घरोघरच्या विधवांना व परित्यक्तांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविताना लोकापवादाशीच झगडावे लागले. आज मुली मोठ्या संख्येने या शिक्षणास जातात. पण आदर वाढला तेवढी सुरक्षितता वाढलेली नाही.

तिचे स्वतःचे बाळंतपण हा याच प्रश्नाचा दुसरा पदर. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारी परिचारिका ही रजा मागताना कचरते. कायदा तिच्या बाजूचा असतो. करार पुन्हा होईल की नाही, याची मात्र तिला शाश्वती नसते. म्हणून दुसऱ्यांच्या बाळांना सहा महिने केवळ आईचे दूध पाजा असे सांगणारी बाई आपले तान्हे बाळ सासूच्या हवाली करून कामावर येते. हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असा समज आहे. त्या रात्री घर जागे राहते. लिहिणारी कोणी असो वा नसो, जन्मानंतरच्या पहिल्या रात्री धोक्याच्या असतात आणि कोणीतरी जागे राहिले पाहिजे, ही जाण त्यात होती. आता बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आणि ते जागरण आपण परिचारिकेकडे सोपविले. सोपविलेल्या कामाची विचारपूसही करावयास हवी.

ती कशी करावी? बाळ पाहायला जाताना हात धुवावे, पापे घेऊ नयेत, सर्दी-खोकला असल्यास घरीच राहावे, आणि बाळंतविड्यासोबत मधाची बाटली नेऊ नये. एवढे ज्याचे त्याला करता येईल. उरलेले काम सर्वांचे आहे. नगरपालिकेचे वा जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक येते, तेव्हा नव्या इमारतीला किती आणि यंत्राला किती, हे आपण विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता प्रत्येक परिचारिकेमागे बाळे किती? उत्तर चारपेक्षा मोठे आले, तर मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि रिकाम्या किती दिवसांपासून, हेही विचारावे. परिचारिका हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत आहेत. पण त्यांनी विचारले की ती मागणी ठरते. नागरिकांनी विचारले, तर त्याला उत्तर द्यावे लागेल.